एमएनडी झालेले वडील असे का वागू लागले?

प्रश्न एका मुलीचा आहे. वडील ६१ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी बोलणं जड झालं, तपासण्या झाल्या, मोटर न्यूरॉन डिसीज (एमएनडी) निघाला, म्हणजे स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा निकामी होत जाणारा आजार. आता बोलणं जवळपास बंद आहे, हात अजून चालतात, त्यामुळे लिहून दाखवतात. पण घरच्यांना टोचतंय ते वेगळंच. आई तापाने फणफणली तरी यांनी मान वर करून पाहिलं नाही. दिवसभर गोड मागतात, घासावर घास कोंबतात, ठसका लागतो. चुलत्यांच्या मयताला गेले आणि तिथे हसू आवरेना. रात्री बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा, मास्क ओढून काढतात. मध्यंतरी फोनवरच्या कुठल्याशा स्कीममध्ये बरीच रक्कम घालून बसले. "या आजारात बुद्धी शाबूत राहते असं आम्हाला सांगितलं होतं. मग बाबा हे मुद्दाम करतात का?"

ताई, मुद्दाम करत नाहीत. मी त्यांना तपासलेलं नाही, तरी एवढं ठामपणे सांगतो, कारण एमएनडीचे रुग्ण पाहणाऱ्या कुठल्याही न्यूरोलॉजिस्टला तुमची ही यादी अनोळखी वाटणार नाही. मात्र या सगळ्याचं कारण एकच आहे असं धरून चालू नका. मयतातलं हसू, मास्क काढणं आणि आईची विचारपूस न करणं, या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणाहून आलेल्या असू शकतात. त्यातल्या काहींवर औषध आहे, काहींवर मशीन आहे, आणि जे उरतं त्याच्यावर औषध नसलं तरी घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. म्हणून आधी वेगळं करू.

"बुद्धी शाबूत राहते" हे वाक्य आलं कुठून, तेही सांगतो, म्हणजे कुणी तुम्हाला फसवलं असं वाटणार नाही. पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी १८६९च्या सुमारास या आजाराचं वर्णन केलं तेव्हापासून तो स्नायूंचा आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नसांचा आजार म्हणूनच शिकवला गेला. पुढे स्टीफन हॉकिंग सगळ्या जगासमोर होते. शरीर खुर्चीत, बुद्धी विश्वात, हे चित्र लोकांच्या मनात इतकं पक्कं बसलं की डॉक्टरांच्याही बसलं. हॉकिंग यांच्या बाबतीत ते खरंच होतं. पण त्यांना आजार विशीच्या सुरुवातीला झाला आणि ते पुढे पन्नासहून अधिक वर्षं जगले. हा अपवादातला अपवाद. त्यावरून सगळ्यांचं अनुमान काढता येत नाही.

चित्र बदललं ते गेल्या वीसेक वर्षांत. २००६मध्ये असं दिसलं की एमएनडीच्या बहुसंख्य रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ नावाचं प्रथिन साचलेलं असतं, आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या स्वभाव पालटवणाऱ्या आजाराच्या बऱ्याच रुग्णांच्या मेंदूतही तेच प्रथिन सापडतं. २०११मध्ये सी-नाईन-ओआरएफ-७२ हा जीन हाती लागला. त्यातल्या एकाच दोषामुळे एका घरात कुणाला एमएनडी होतो, कुणाला तो डिमेन्शिया, तर कुणाला दोन्ही. म्हणजे हे दोन शेजारी आजार नाहीत, एकाच आजाराची दोन टोकं आहेत. आज आपण धरून चालतो की साधारण निम्म्या रुग्णांत विचारशक्तीत किंवा वागण्यात काही ना काही बदल होतो. दहा-पंधरा टक्क्यांत तो पूर्ण डिमेन्शियाच्या पातळीला जातो. उरलेल्या निम्म्यांत, निदान सुरुवातीला, खरोखर काही होत नाही. शिवाय आजार जसा पुढच्या टप्प्यात जातो तसं हे प्रमाण वाढतं. अगदी शेवटच्या टप्प्यात पाचांतल्या चौघांत काहीतरी सापडतं. बोलणं-गिळणं आधी गेलेल्यांत, म्हणजे तुमच्या बाबांसारख्यांत, याकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं.

आता हसण्याकडे येऊ, कारण मला वाटतं तुमच्या घराला सर्वात जास्त शरम त्याचीच वाटली असेल.

मयतात हसणारा माणूस आतून हसत नसतो. हसण्या-रडण्याची यंत्रणा मेंदूच्या बुंध्यात असते आणि वरचा मेंदू तिच्यावर लगाम ठेवतो. तो लगाम नेणाऱ्या तारा एमएनडीत सैल होतात. मग जराशा निमित्ताने, कधी निमित्ताशिवायही, हसू किंवा रडू फुटतं आणि अर्धा-एक मिनिट थांबता थांबत नाही. याला स्यूडोबल्बार अफेक्ट म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. सगळं शांत झाल्यावर त्यांना पाटीवर लिहून विचारा, "तेव्हा मनात काय होतं?" बहुतेक जण लिहितात, वाईट वाटत होतं, हसू येत होतं, कळत नाही. अशा माणसाचा स्वभाव बदललेला नसतो, त्याला स्वतःचीच लाज वाटत असते, आणि तो पुढे चारचौघांत जाणं टाळतो. यावर औषधं आहेत. एसिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिनसारखी गोळी, किंवा लहान मात्रेत अमिट्रिप्टिलिन, यांनी झटके बरेच कमी होतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडिन यांचं संयुक्त औषध अमेरिकेत २०१०पासून याच कारणासाठी मान्य आहे. गोळी मानसोपचाराची आहे म्हणून घरचे बिचकतात. इथे ती उदासीसाठी दिलेली नसते, एवढं आईला समजावून सांगा. आणि झटका आला की "अहो, गप्प बसा" म्हणू नका, त्याने तो लांबतो. विषय बदला, पाण्याचा ग्लास पुढे करा, हात धरा.

दुसरी गोष्ट श्वासाची. वागण्याबद्दल विचारलं की छातीबद्दल बोलणारा डॉक्टर लोकांना विचित्र वाटतो, पण मी आधी हेच विचारतो. झोपेत श्वासाचे स्नायू कमी पडले की रक्तात कार्बन डायऑक्साईड साचतो. सकाळी डोकं दुखतं, दिवसा पेंग येते, लक्ष लागत नाही, माणूस चिडका होतो, कधी रात्री भांबावून उठतो. हे सगळं डिमेन्शियासारखं दिसतं आणि तो डिमेन्शिया नसतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९६ दाखवतं म्हणून निर्धास्त राहू नका. ते ऑक्सिजन मोजतं, कार्बन डायऑक्साईड नाही. त्यासाठी सकाळी उठल्या उठल्या केलेली ब्लड गॅस तपासणी आणि रात्रभराची नोंद लागते. आणि एक धोक्याची सूचना: कुणी सुचवलं म्हणून घरी नुसतं ऑक्सिजनचं कॉन्सन्ट्रेटर आणून रात्री लावू नका. बायपॅपशिवाय नुसता ऑक्सिजन दिला तर या रुग्णांत कार्बन डायऑक्साईड आणखी चढू शकतो. बाबांच्या बाबतीत गाठ अशी पडली आहे की मशीन नीट लागत नाही म्हणून डोकं चालत नाही, आणि डोकं चालत नाही म्हणून मशीन लागत नाही. ती कशी सोडवायची ते पुढे येईलच.

तिसरी गोष्ट औषधांची, ती पटकन सांगतो. लाळ कमी व्हावी म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल किंवा अमिट्रिप्टिलिन चालू आहे का पाहा. साठीनंतर या गोळ्यांनी विसराळूपणा, गोंधळ, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं असे त्रास होऊ शकतात. ग्लायकोपायरोलेट मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे ते बदलून मिळतं का विचारा. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने तर अजिबात नको, ती श्वास आणखी दाबते. जाता जाता बी-१२, थायरॉइड आणि सोडियमही बघून घ्या.

चौथी आणि सर्वात फसवी गोष्ट: उदासी. घरचे म्हणतात, एवढा मोठा आजार, डिप्रेशन येणारच, म्हणून बोलत नाहीत, बघत नाहीत. खरं तर या आजारात खोल डिप्रेशन लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी आढळतं. जास्त आढळते ती अनास्था. दोन्ही बाहेरून सारख्या दिसतात: माणूस खुर्चीत बसून राहतो. फरक आत असतो. डिप्रेशनमधला माणूस दुःखात असतो. झोप उडते, मी तुमच्यावर ओझं झालो असं लिहितो, नातू आला की डोळ्यांत पाणी येतं. अनास्थेत दुःख नसतं. नातू आला काय, गेला काय, सारखंच. कुणी उठवलं तर उठतात, कुणी कपडे घाल म्हटलं तर घालतात, कुणी म्हटलं नाही तर दिवसभर बनियनवर बसून राहतात, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नसते. तक्रार घरच्यांची असते. एमएनडीत वागण्यातला सर्वात नेहमीचा बदल हाच. तो डिप्रेशनच्या गोळीने जात नाही, तरी दोन महिने गोळी देऊन फरक पडला नाही की लोक नेटाने डोस वाढवत बसतात. मात्र दोन्हींपैकी काय आहे याची शंका राहिली तर डिप्रेशन आहे असं धरून उपचार करून पाहावा, कारण त्यावर इलाज आहे. मरणाबद्दल वारंवार लिहू लागले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

एवढं बाजूला काढल्यावर जे उरतं ते खरं कपाळामागच्या मेंदूचं काम. आईचा ताप, गोडाचा सोस, कोंबून खाणं, स्कीममधले पैसे, हे चारही मला तिकडचे वाटतात. मेंदूचा हा भाग आठवणी साठवत नाही. म्हणून बाबांना तारीख माहीत असते, लग्नाचा वाढदिवस माहीत असतो, पेपर वाचतात, आणि अशा माणसाला मेंदूचा काही त्रास आहे हे नातेवाइकांना पटत नाही. हा भाग जे करतो ते दिसत नाही: थांबणं, तोलणं, समोरच्याच्या जागी जाऊन पाहणं, एक सोडून दुसरं पकडणं. दवाखान्यात सर्रास होणारी तीस मार्कांची स्मरणशक्तीची चाचणी इथे निरुपयोगी आहे. अशा रुग्णाला तिच्यात २९ मिळतात आणि कागदावर "नॉर्मल" लिहिलं जातं. ते वाचून घरची बायको स्वतःलाच दोषी धरते.

यासाठी वेगळी चाचणी आहे. एडिंबरात शॅरन अब्राहम्स, थॉमस बाक आणि सहकाऱ्यांनी ती याच आजारासाठी बांधली, २०१४च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली, तिला ईकॅस म्हणतात. एकूण १३६ गुण, त्यातले १०० या आजारात जे बिघडतं त्याला. वीसेक मिनिटांत होते. बोलता येत नसेल तर लिहून, लिहिता येत नसेल तर बोलून. शिवाय घरच्या माणसाची वेगळी मुलाखत असते, ती रुग्णासमोर घ्यायची नाही. त्यातले दोन भाग तुम्हाला सांगतो, कारण त्यावरून बाबांचं बरंच काही कळेल.

पहिला शब्दांचा. नाव-गाव-फळ-फूल खेळतो तसं, एका अक्षरावरून सुचतील तेवढे शब्द लिहायचे, माणसांची आणि गावांची नावं सोडून. समजा दोन रुग्णांना 'क'वरून पाच-पाच मिनिटं दिली आणि दोघांनीही दहा-दहा शब्द लिहिले. सारखेच झाले? नाही. कारण एकाचा हात लुळा आहे. म्हणून मग त्याच दहा शब्दांची नुसती नक्कल करायला लावायची आणि वेळ मोजायची. पहिल्याला नक्कल करायला एक मिनिट लागलं. म्हणजे उरलेली चार मिनिटं तो शब्द शोधत होता, एका शब्दाला २४ सेकंद. दुसऱ्याला नक्कल करायलाच २०० सेकंद लागले. म्हणजे शोधायला त्याने १०० सेकंदच घेतले, एका शब्दाला १०. पहिल्याचा मेंदू अडखळतोय, दुसऱ्याचा फक्त हात. ही वजाबाकी न करता दिलेला रिपोर्ट माझ्या मते वाचूच नये. एमएनडीत ही शब्दांची चाचणी फार लवकर घसरते, आठवणीची नंतर, कधी कधी घसरतच नाही.

दुसरा भाग मला जास्त बोलका वाटतो. कागदाच्या चार कोपऱ्यांत चार चित्रं. आधी विचारायचं, यातलं तुम्हाला कुठलं आवडतं? मग तशाच कागदावर मधोमध एक चेहरा येतो आणि त्याचे डोळे एका चित्राकडे वळलेले असतात. आता सांगा, याला कुठलं आवडतंय? लहान मूलसुद्धा डोळ्यांकडे बघून सांगतं. हा बदल झालेला माणूस स्वतःला आवडलेल्या चित्रावर बोट ठेवतो. पुन्हा विचारलं तरी त्याच्यावरच. आई तापात पडली होती तेव्हा बाबांच्या मेंदूत बहुधा असंच काहीसं झालं असावं. त्यांनी पाहिलं नाही असं नाही, पण समोरच्या माणसाचं दुखणं आपल्याकडे काही मागतंय, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. प्रेम आटलं, असा त्याचा अर्थ मी काढणार नाही आणि तुम्हीही काढू नका. आईला हे समजावताना दोन मिनिटांत उरकू नका. वेगळं बसा, बाबांच्या समोर नाही. नवऱ्याच्या लुळ्या हातापायांपेक्षा त्याच्या बदललेल्या वागण्यानेच बायको जास्त थकते, हे अभ्यासांतही वारंवार दिसलं आहे.

इथे उलट बाजूही सांगायलाच हवी, कारण तिच्यात होणारा अन्याय कमी नाही. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं समजून रुग्णाच्या डोक्यावरून बोलणारी घरं मी पुष्कळ पाहतो. "त्यांना काय विचारता, मला विचारा." निम्म्या रुग्णांत विचारशक्ती खणखणीत असते आणि ते सगळं ऐकत असतात. म्हणून तपासणी आधी, निष्कर्ष मग. बाबांची लिहिलेली पाटी नीट वाचा. हात दमणारा प्रत्येक जण थोडक्यातच लिहितो, "पंखा", "चहा". त्यात काही नाही. पण हात चांगला चालत असताना वाक्यातून क्रियापदं गळायला लागली, सोप्या शब्दांचं ऱ्हस्व-दीर्घ नव्हे तर अक्षरंच चुकायला लागली, लांब वाक्यातली सूचना अर्धीच पाळली जाऊ लागली, तर भाषेचा भागही घसरतोय असं समजा. चार-सहा पाट्यांचे फोटो तारखेसकट काढून ठेवा. मला रुग्णाच्या बरोबर आणलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट कुठली विचाराल तर हीच, एमआरआयची सीडी नव्हे.

आता घरात काय करायचं.

खाण्यापासून सुरुवात करतो, कारण त्यातला धोका आजचा आहे. गोड मागतात म्हणून घरात महाभारत करू नका. या आजारात शरीर नेहमीपेक्षा जास्त उष्मांक जाळतं, वजन उतरणं वाईट, आणि मधुमेह नसेल तर श्रीखंडाची वाटी त्यांच्या फायद्याचीच आहे. धोका वेगात आहे. गिळणं कमजोर आणि थांबायचं भान नाही, ही जोडी छातीत अन्न उतरवते आणि न्यूमोनिया करते. म्हणून समजावण्यावर भिस्त नको, मांडणी बदला. पूर्ण ताट समोर ठेवायचं नाही, एका वेळी लहान वाटी. मोठा चमचा घरातूनच काढून टाका, बाळाला भरवायचा चमचा ठेवा. एक वाटी संपली की मग दुसरी. जेवताना टीव्ही बंद, एक माणूस शेजारी. श्रीखंड, घट्ट बासुंदी, मऊ दहीभात चालतो. चिवडा, भुसभुशीत लाडू, पोह्यांवरचे शेंगदाणे नकोत. पातळ चहा सर्वात आधी ठसका देतो, तो किती घट्ट करायचा आणि मान कशी ठेवायची ते स्पीच थेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. फ्रीज आणि डबे उघडून एकट्याने खात असतील तर डबे त्यांच्या नजरेआड ठेवा. हे कठोर वाटतं, पण रोजच्या भांडणापेक्षा बरं.

पोटातून नळी, म्हणजे पेग, हा विषय डॉक्टर काढायची वाट बघू नका, तुम्हीच काढा. श्वासाची क्षमता निम्म्याखाली गेल्यावर ती बसवण्यात जोखीम वाढते. वागण्यात बदल झालेले रुग्ण नळी आणि मशीन दोन्ही नाकारण्याची शक्यता जास्त असते, आणि त्यांचं आयुर्मानही कमी आढळतं. काही अंशी आजारच आक्रमक असतो, काही अंशी उपचार हुकतात. हे लिहायला जड जातं, पण नंतर "आम्हाला कुणी सांगितलं नाही" असं तुम्हाला वाटू नये म्हणून लिहितो.

बायपॅपबद्दल. "हे लावलं नाही तर जीव धोक्यात येईल" हे वाक्य सोडून द्या. उद्याच्या फायद्यासाठी आजचा त्रास सोसायचा, हा हिशेब करणारा भागच दुखावलेला आहे. आधी मास्क बसतोय का, गळतोय का, नाकाच्या हाडावर लाल झालंय का, तोंडात लाळ साठून गुदमरल्यासारखं होतंय का ते बघा. पुष्कळदा नकाराचं कारण इतकं साधं असतं. मग रात्री न लावता दिवसा लावा, त्यांच्या आवडीची मॅच किंवा मालिका चालू असताना, दहा-पंधरा मिनिटं, रोज त्याच वेळी, रोज त्याच माणसाने. समजावणं नाही, विचारणं नाही, "मॅच सुरू झाली, मास्क" एवढंच. कपाळामागचा मेंदू दुखावलेला माणूस तर्काने वळत नाही, पण सवयीत सहज बसतो. त्याचा हट्टच मग तुमच्या कामी येतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी ती वेळ झोपेकडे सरकवा. मशीनमधल्या कार्डावर किती तास लागलं त्याची नोंद असते, ती तपासणीला घेऊन जा.

अनास्थेवर रामबाण औषध नाही. त्यांना "काय करायचं?" असं विचारू नका, उत्तर येणार नाही. "चला, गॅलरीत बसू" म्हणा आणि हात द्या. अल्झायमरसाठीची डोनेपेझिलसारखी गोळी कुणी सुरू केली तर कारण विचारा. या प्रकारच्या बदलांत तिचा फायदा दिसलेला नाही, काहींचं वागणं उलट बिघडतं. फार अस्वस्थता असेल तर डॉक्टर इतर गोळ्यांचा विचार करतात, पण शांत करणारी जोरदार औषधं इथे जपून वापरावी लागतात, कारण त्यांनी अंग ताठतं, गिळणं आणखी बिघडतं आणि श्वासावर ताण येतो. गाडी चालवत असतील तर किल्ली आजच काढून घ्या, यात चर्चेला जागा नाही.

पैशाचं मात्र सविस्तर. आधी फोन: यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा, अनोळखी नंबर बंद करा, बँकेचे मेसेज तुमच्या मोबाइलवर वळवा. मोठ्या रकमा त्यांच्या एकट्याच्या नावावर राहू देऊ नका. हे त्यांच्या पाठीमागे करण्याऐवजी, अजून समजतंय तोवर त्यांना बरोबर घेऊन करा. अनेकांना वाटतं की कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. तसं नाही. आपल्या करार कायद्यानुसार ते देणारा माणूस भानावर राहिला नाही की ते मुखत्यारपत्रच संपतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा ते कामाचं उरत नाही. मृत्युपत्र करायचं असेल तर आत्ता, दोन साक्षीदारांसमोर, आणि त्या दिवशी त्यांना समजत होतं असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडून. वागण्यात बदल आहे म्हणजे मृत्युपत्राची क्षमता गेली असं आपोआप ठरत नाही. ती त्या त्या निर्णयापुरती तपासायची गोष्ट आहे. जो माणूस स्कीममध्ये फसतो, त्याला आपलं घर कुणाला द्यायचं हे नीट कळत असू शकतं.

शेवटच्या काळात व्हेंटिलेटर हवा की नको, हेही त्यांच्याकडूनच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८च्या निकालाने अशा आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये प्रक्रिया बरीच सोपी केली. आता मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही; दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात, एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. विचारताना एकदाच विचारून थांबू नका. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, मशीन नीट लागलेल्या रात्रीनंतर, लहान वाक्यांत विचारा आणि उत्तर तेच येतं का पाहा. तेच आलं तर ते त्यांचं उत्तर.

राहिला तुमचा न लिहिलेला प्रश्न, जो प्रत्येक मुलगा-मुलगी दारातून निघताना विचारतात: हे आम्हाला होईल का? साधारण दहा टक्के एमएनडी घराण्यात चालत येतो, बाकीचा नाही. वर ज्या सी-नाईन-ओआरएफ-७२चं नाव घेतलं, त्यातला दोष युरोपात पुष्कळ आढळतो, भारतीय रुग्णांत त्यामानाने कमी. पण वागण्यातले बदल आणि एमएनडी एकत्र दिसले की मी घराण्याचा इतिहास नव्याने विचारतो, आणि फक्त एमएनडी विचारत नाही. कुणी आजोबा उतारवयात विचित्र वागायला लागले होते का, कुणा काकांना साठीत वेड लागलं म्हणत होते का, कुणाला उशिरा वयात भास व्हायला लागले का. असं काही निघालं तर बाबांची जनुकीय तपासणी करून घेण्यात अर्थ आहे, आणि ती करण्याआधी जेनेटिक काउन्सेलरशी बोलून घ्या. तुमची स्वतःची तपासणी त्यानंतरची, आणि ती करायची की नाही हे सर्वस्वी तुमचं. घरात असं काही नसेल तर तुमची जोखीम चारचौघांपेक्षा फारशी वेगळी नाही. पुढच्या वेळी न्यूरोलॉजिस्टकडे जाताना पाट्यांचे फोटो, बायपॅपचं कार्ड, चालू गोळ्यांची यादी आणि ही घराण्याची माहिती एका कागदावर घेऊन जा, आणि आईला पाच मिनिटं एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या.